केसपेपर संगणकात गेला, पण नोंद खरी आहे का?

१ जून उजाडला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांची रीघ लागते. काका, मामा, निवृत्त गुरुजी, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. कारण कोणाला सांगावे लागत नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना पालकांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे. रजिस्टरातला रकाना मात्र भरावाच लागे. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज बांधत आणि तारीख १ जून लिहून मोकळे होत. ती तारीख शाळेच्या दाखल्यावर आली, दाखल्यावरून आधार कार्डावर गेली आणि आता दवाखान्यातल्या संगणकातही जाऊन बसली आहे.

गोष्ट गमतीची असली तरी आरोग्याच्या नोंदींबाबतचा मोठा धडा तिच्यात आहे. रकाना सक्तीचा असेल आणि माहिती हाताशी नसेल, तर लिहिणारा ती मनाने भरतो. कागदावर अशी नोंद निदान खाडाखोडीवरून किंवा वेगळ्या शाईवरून ओळखू येते. संगणकाच्या पडद्यावर मात्र खरी तारीख आणि अंदाजाने टाकलेली तारीख सारखीच स्वच्छ दिसते.

वय चुकले तर बिघडते काय? मूत्रपिंडे किती काम करत आहेत हे काढताना रक्तातील क्रिएटिनीनच्या आकड्यासोबत रुग्णाचे वय आणि लिंग सूत्रात घालतात. मधुमेहाच्या आणि संसर्गाच्या अनेक औषधांचा डोस त्यावर ठरतो. सत्तरीच्या माणसाचे वय साठ लिहिले गेले, तर त्याची मूत्रपिंडे कागदावर प्रत्यक्षापेक्षा चांगली दिसतात आणि औषध गरजेपेक्षा जास्त दिले जाण्याची शक्यता वाढते.

तालुक्याच्या गावांतील छोट्या दवाखान्यांतही आता संगणक पोहोचू लागला आहे. त्याने काम सोपे होते यात शंका नाही. पण चुकीची नोंद संगणकात भरली, तर ती चुकीचीच राहते. फक्त अधिक वेगाने, अधिक ठिकाणी पोहोचते. म्हणून कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नाच्या आधी आपल्या नोंदी विश्वासार्ह आहेत का, हा प्रश्न यायला हवा.

पिशवीतले रेकॉर्ड

अंबड शहरातला किंवा आसपासच्या खेड्यातला माणूस आजारी पडला की तो बहुधा आधी जवळच्या खासगी दवाखान्यात जातो. आराम पडला नाही तर अंबडचे उपजिल्हा रुग्णालय गाठतो, किंवा जालन्याच्या एखाद्या तज्ज्ञाकडे जातो. प्रकरण गंभीर असेल तर छत्रपती संभाजीनगरची घाटी. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो, नवे प्रश्न विचारले जातात आणि अनेकदा त्याच तपासण्या पुन्हा होतात.

या सगळ्या प्रवासात रुग्णाचे एकमेव सलग रेकॉर्ड म्हणजे नातेवाइकांच्या हातातली कॅरीबॅग. तीत जुने एक्स-रे, सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिले आणि गोळ्यांची अर्धवट पाकिटे असतात. कोणत्या गोळ्या चालू आहेत, असे विचारले तर 'एक पांढरी सकाळी आणि एक लाल रात्री' असे उत्तर येते. पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत. समोरच्या डॉक्टरला रक्त पातळ करणारे औषध चालू आहे की नाही, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे की नाही, हे त्या उत्तरातून कळत नाही.

या भागातली आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अंबड, घनसावंगी पट्ट्यातली अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. समजा, वडीगोद्रीच्या एका तरुणाला सप्टेंबरमध्ये क्षयरोगाचे निदान झाले. साध्या क्षयाचे उपचार किमान सहा महिने चालतात, आणि दोनच महिन्यांत त्याचे बिऱ्हाड सांगलीच्या फडावर जाते. आता पुढच्या गोळ्या त्याला तिथे मिळणार की नाहीत, हे एका नोंदीवर अवलंबून आहे.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये क्षयरोगाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केले आणि त्याच वर्षी 'नि-क्षय' ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. रुग्णाची नोंद या जिल्ह्यातून त्या जिल्ह्याकडे वर्ग करण्याची सोय तिच्यात आहे. पण नोंदीत मोबाइल नंबर दुकानदाराचा, पत्ता फक्त 'ता. अंबड' आणि नाव अर्धवट असेल, तर फडावर त्याला शोधायचे कसे? तो 'उपचार सोडलेला रुग्ण' ठरतो. पोषणासाठी मिळणारे पैसेही अशाच नोंदीवर चालतात. एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णांना दरमहा ५०० रुपये थेट खात्यात मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. खाते क्रमांकातला एक अंक चुकला तर योजना कागदावर चालू राहते आणि घरात मात्र पैसा येत नाही.

एक रुग्ण, चार नावे

चांगली नोंद ओळखायच्या खुणा अवघड नाहीत. ती पूर्ण असावी, खरी असावी, वेळच्या वेळी केलेली असावी, दुसऱ्या दवाखान्यातल्या माणसालाही तिचा अर्थ तोच कळावा आणि एका माणसाची नोंद एकच असावी. ऐकायला सोप्या वाटणाऱ्या या अटी आपल्याकडे कुठे अडकतात ते पाहू.

नावापासून सुरुवात करू. 'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना कोणी 'डी'ने सुरू करतो, कोणी 'जी'ने, तर कोणी 'जे'ने. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसे. मागच्या वेळी ॲलर्जीची नोंद 'डी'च्या ज्ञानेश्वरावर झाली असेल आणि आज कंपाउंडरने 'जी' टाकून शोधले, तर नोंद सापडत नाही. मग नवी फाइल उघडली जाते. मराठी नावे देवनागरीत नोंदवण्याची सोय असलेले सॉफ्टवेअर घेणे, किंवा नावाऐवजी कायमस्वरूपी क्रमांकावरून शोधण्याची सवय लावणे, हा यावरचा उपाय आहे.

स्त्रियांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. पहिले बाळंतपण तर माहेरी करण्याची रीत. गरोदरपणातल्या तपासण्या सासरच्या गावी सासरच्या नावाने आणि प्रसूती माहेरच्या गावी माहेरच्या नावाने, असे घडले की दोन्ही नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. आठव्या महिन्यात रक्तदाब १३८/८८ आला, तर केवळ त्या आकड्यावरून फार काही कळत नाही. चौथ्या महिन्यात तो १००/६० होता हे समोर असेल, तर डॉक्टर सावध होतात. एकटा आकडा मुका असतो. मागचा आकडा शेजारी ठेवला की तो बोलू लागतो.

तारखांचेही तसेच. शेवटची पाळी कधी आली, या प्रश्नाला 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' किंवा 'घट बसले त्या दिवशी' असे उत्तर येते. हे उत्तर चांगले आहे, कारण ते आठवणीत पक्के आहे. कॅलेंडर उघडून त्याची तारीख काढायला अर्धा मिनिट लागतो. घाईत मात्र 'साधारण ऑगस्ट' असे लिहिले जाते, सॉफ्टवेअर तारीख मागते म्हणून १ ऑगस्ट टाकली जाते आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख दोन-तीन आठवड्यांनी सरकते. मूल अपुऱ्या दिवसांचे आहे की पूर्ण दिवसांचे, हा निर्णय मग चुकीच्या पायावर होतो.

आजाराच्या नावांचीही तीच गत. एकाच दवाखान्यात एकाच आजारासाठी 'शुगर', 'मधुमेह', 'डायबेटिस', 'डीएम' आणि 'डीएम टू' असे पाच शब्द लिहिलेले सापडतात. वाचणाऱ्या डॉक्टरला पाचही कळतात. पण 'आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण किती?' असे संगणकाला विचारले तर तो पाच वेगवेगळी उत्तरे देतो. यासाठी जगभर आजारांना ठरावीक सांकेतिक क्रमांक दिले जातात. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही त्यातली जुनी पद्धत. तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. वैद्यकीय संज्ञांचा स्नोमेड सीटी हा मोठा संगणकीय कोशही भारतात विनाशुल्क वापरता येतो आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. छोट्या दवाखान्याने हजारो संकेत पाठ करण्याची गरज नाही. आपल्याकडे नेहमी येणाऱ्या तीस-चाळीस आजारांची एक यादी ठरवून सर्वांनी तीच वापरली, तरी मोठे काम होते.

शून्याची परीक्षा

नोंदी खऱ्या आहेत का, हे तपासण्याची एक गमतीदार पण खात्रीची युक्ती आहे. डिजिटल यंत्राने मोजलेल्या रक्तदाबाचे शंभर आकडे घ्या आणि शेवटचा अंक पाहा. शून्य ते नऊ हे अंक साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत, म्हणजे शून्य दहाच्या आसपास. शंभरातले साठ-सत्तर आकडे १२०/८०, १३०/८०, १४०/९० असे शून्यावर संपत असतील, तर यंत्राने दाखवलेला आकडा लिहिला गेलेला नाही. तो जवळच्या सोयीच्या आकड्यावर आणला आहे, किंवा न मोजताच लिहिला आहे. १४४ चा १४० झाला की उपचार वाढवायचे की नाही हा निर्णय बदलू शकतो.

वयांतही हे दिसते. ४०, ४५, ५०, ५५ अशा वयांचे रुग्ण भरमसाट आणि ४१, ४७, ५३ वयाचे मोजके, असे कोणत्याही गावात प्रत्यक्षात नसते. जनगणनेचे अभ्यासक हा दोष फार पूर्वीपासून मोजत आले आहेत. दवाखान्याने त्याला लाजण्याचे कारण नाही. मात्र अंदाजाने लिहिलेल्या वयापुढे 'अंदाजे' अशी खूण करण्याची सोय हवी. 'माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर खोट्या आकड्यापेक्षा कधीही चांगले.

संगणकाने आपल्या स्वतःच्या काही चुका आणल्या आहेत. यादीतला पहिलाच पर्याय आपोआप निवडला जातो आणि तो तसाच राहतो. मागच्या भेटीची नोंद उचलून आजच्या भेटीत चिकटवली जाते. मग बरा झालेला खोकला वर्षभर कागदावर चालू राहतो. तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. मोबाइल नंबर सक्तीचा केला की दहा वेळा नऊचा अंक दाबला जातो. प्रत्येक चुकीमागे एकच कारण असते: लिहिणाऱ्याला वेळ नाही आणि लिहिलेले पुढे कोणी वाचेल अशी त्याला खात्री नाही.

हा वेळेचा प्रश्न सरकारी यंत्रणेतही आहे. एकाच गरोदर मातेची माहिती वहीत, रजिस्टरात आणि वेगवेगळ्या ॲपमध्ये भरताना परिचारिका आणि आशाताई मेटाकुटीला येतात. २०२३ मध्ये राज्यातील आशा सेविकांनी संप केला, तेव्हा ऑनलाइन कामाचा बोजा हाही त्यांच्या तक्रारींपैकी एक होता. एकच माहिती चार ठिकाणी लिहायला लावली, तर चारही ठिकाणी ती सारखी असण्याची शक्यता कमी होत जाते.

मोजले म्हणून दिसले

नोंद नीट ठेवल्याने माणसे खरोखर वाचतात का? महाराष्ट्रातच याचे उत्तर आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातले जन्म आणि मृत्यू नेमके किती, हे मोजणे हा त्यांच्या कामाचा पाया होता. गावात राहणारा कार्यकर्ता घडेल तशी नोंद करी आणि ठरावीक काळाने घरोघरी जाऊन वेगळी पाहणी होई. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या की सुटलेली नावे सापडत. एकाच माहितीचे दोन स्वतंत्र स्रोत ठेवून ते जुळवणे, ही नोंदीची गुणवत्ता तपासण्याची आजही उत्तम पद्धत आहे. या भक्कम नोंदींमुळेच, गावातल्या प्रशिक्षित महिलांनी घरी जाऊन केलेल्या नवजात बाळांच्या देखभालीने मृत्यू किती घटले, हे सिद्ध करता आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. नवजात मृत्युदरातील घट ६२ टक्के होती.

पुढे २००१ मध्ये राज्यातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावोगावी बालमृत्यू मोजले. 'कोवळी पानगळ' या नावाने तो अहवाल आला, तेव्हा सरकारी नोंदींत बरेच बालमृत्यू येतच नाहीत हे उघड झाले. राज्य सरकारला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. न लिहिलेला मृत्यू कोणाच्याही कामाच्या यादीत येत नाही, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले.

अंबडला लागून असलेल्या बीड जिल्ह्याचा अनुभव याहून जवळचा. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे कळण्यासाठी दारोदार जाऊन विचारावे लागले. प्रत्येक शस्त्रक्रियेची, तिच्या कारणाची आणि स्त्रीच्या वयाची नोंद सारख्या पद्धतीने होत असती आणि कोणी ती दरवर्षी वाचत असते, तर प्रश्न कितीतरी आधी दिसला असता.

एका खेड्यातल्या डॉक्टरचे रजिस्टर

ही झाली मोठ्या पाहण्यांची गोष्ट. पण एकटा डॉक्टर आपल्या दवाखान्यात काय करू शकतो? ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात ग्लिनकॉरग नावाचे कोळसा खाणकामगारांचे गाव होते. वस्ती तेव्हा जेमतेम दोन हजार. डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट तिथे १९६१ मध्ये गेले. त्यांनी आजारी पडून येणाऱ्यांवर उपचार करण्यावर न थांबता गावातल्या जवळपास प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजून लिहून ठेवला. कोण आले नाही, कोणाची औषधे थांबली, हे नोंदीतून शोधून ते त्या माणसापर्यंत पोहोचत. पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत ग्लिनकॉरगमधील अकाली मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होते. या कामाची सुरुवात झाली तेव्हा दवाखान्यात संगणक नव्हता. कागदी कार्डे होती, आणि ती नियमाने वाचणारा डॉक्टर होता.

आपल्याकडे याच विचाराचे आजचे रूप उच्च रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमात दिसते. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. रुग्णाच्या हातात क्यूआर कोड असलेले छोटे कार्ड दिले जाते. पुढच्या भेटीत परिचारिका तो कोड मोबाइलवर स्कॅन करते, रक्तदाब टाकते, औषध तपासते आणि पुढची तारीख देते. इंटरनेट नसेल तरी ॲप चालते. या 'सिंपल' ॲपचे वैशिष्ट्य त्यात काय आहे यापेक्षा काय नाही यात आहे. उपचाराला लागत नाही असा एकही प्रश्न त्यात नाही, त्यामुळे नोंद काही सेकंदांत होते. आणि ज्या रुग्णाची तारीख उलटून गेली, त्याचे नाव फोन करायच्या यादीत आपोआप येते.

हिशेब करून पाहा. दिवसाला ६० रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यात एका नोंदीला दोन मिनिटे लागली, तर दिवसाचे दोन तास गेले. तीच नोंद वीस सेकंदांत झाली, तर वीस मिनिटे. दोन तासांची मागणी करणारी पद्धत आठवड्याभरात बंद पडते किंवा खोटी होते. वीस मिनिटांची टिकते.

शनिवारचे तीन प्रश्न

एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि एक संगणक असलेल्या दवाखान्यासाठी याचा अर्थ काय? सुरुवात सगळ्या रुग्णांपासून करू नये. मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षय आणि गरोदर माता, एवढ्यांचेच रेकॉर्ड आधी पक्के करावे. प्रत्येकासाठी मोजकेच रकाने ठेवावेत: पूर्ण नाव, चालू मोबाइल नंबर, वय (माहीत नसेल तर 'अंदाजे'), ठरलेल्या यादीतला आजार, ॲलर्जी, चालू औषधे आणि आजचे मोजमाप. मुलांसाठी वजन हवेच, कारण त्यांचा डोस किलोवर ठरतो. ॲलर्जी नसेल तर रकाना रिकामा न ठेवता 'विचारले, नाही' असे लिहावे. रिकाम्या जागेवरून विचारलेच नाही की ॲलर्जी नाही, हे कळत नाही.

नोंद रुग्ण समोर असतानाच व्हावी. संध्याकाळी आठवून भरलेल्या नोंदीत आठवण कमी आणि अंदाज जास्त असतो. लिहिलेले रुग्णाला वाचून दाखवावे. 'हा नंबर तुमचाच ना?' एवढ्या एका प्रश्नाने कितीतरी चुका जागीच सुटतात.

मग दर शनिवारी संगणकाला तीन प्रश्न विचारावेत. माझ्याकडे रक्तदाबाचे रुग्ण किती? त्यातले किती जण तीन महिन्यांत फिरकले नाहीत? आणि आलेल्यांपैकी किती जणांचा शेवटचा रक्तदाब १४०/९० च्या खाली होता? ही उत्तरे पाच मिनिटांत मिळत नसतील, तर तो संगणक बिल छापण्याचे यंत्र आहे, रेकॉर्ड नव्हे. उत्तरे मिळू लागली की दुसऱ्या प्रश्नातल्या माणसांना फोन करता येतो. नोंदीचा खरा उपयोग तिथून सुरू होतो.

महिन्यातून एकदा तासभर काढून कोणतीही वीस रेकॉर्ड उचलावीत आणि प्रत्येकात पाच गोष्टी तपासाव्यात: नंबर लागतो का, आजार यादीतला आहे का, ॲलर्जी विचारली आहे का, औषधे आजची आहेत का, मोजमाप खरे दिसते का. वीस गुणिले पाच म्हणजे शंभर. जितक्या ठिकाणी नोंद नीट, तितके टक्के गुण. पहिल्या महिन्यात पंचेचाळीस आले तर घाबरू नये आणि कंपाउंडरवर डाफरूही नये. ओरडा बसला की रकाने भरतात, पण १ जूनच्या चालीने भरतात. पुढच्या महिन्यात साठ आले, एवढे पुरे.

रेकॉर्ड कोणाचे?

इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. त्यातला 'आभा' हा १४ अंकी क्रमांक म्हणजे विखुरलेल्या नोंदी एका माणसाशी जोडण्याचा धागा. नोंदी जिथे तयार झाल्या तिथेच राहतात. रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. अंबड, जालना आणि घाटी या तीन ठिकाणचे कागद एका पडद्यावर येण्याची शक्यता यातून निर्माण होते. अर्थात, तिन्ही ठिकाणी लिहिलेले नीट असेल तरच.

संगणकावर सगळा भार टाकताना त्याच्या मर्यादाही ओळखाव्यात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या त्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर कामकाज करावे लागले. त्याच वर्षी राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणकीय प्रणाली कंत्राटाचा तिढा न सुटल्याने बंद पडली आणि ओपीडी पुन्हा हाती लिहिलेल्या केसपेपरवर आली. म्हणून छोट्या दवाखान्यानेही सॉफ्टवेअर घेताना विचारून घ्यावे: रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी जपली जाते का? वीज गेली तर काय? आणि उद्या तुमचे सॉफ्टवेअर सोडले, तर माझ्या रुग्णांच्या नोंदी मला सहज वाचता येतील अशा रूपात परत मिळतील का?

गुप्ततेचाही विचार हवा. एकाच पासवर्डवर सगळ्यांनी काम करणे, रुग्णाचा रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, पडदा रांगेकडे तोंड करून ठेवणे, या सवयी सोडाव्या लागतील. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. छोट्या गावात तर कायद्याच्याही आधी विश्वास येतो. आपले दुखणे चारचौघांत होईल असे वाटले, तर माणूस खरे सांगणारच नाही, आणि मग कितीही चांगली पद्धत असली तरी नोंद खोटीच होणार.

रुग्णाच्या हातातही बरेच काही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. तेव्हा डिस्चार्ज कार्ड मागून घ्या आणि निघण्यापूर्वी त्यावरचे आजाराचे आणि औषधांचे नाव वाचता येते का ते पाहा. चालू औषधांच्या चिठ्ठीचा आणि रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ॲलर्जी असेल तर न विचारताही सांगा. दवाखान्यात दरवेळी एकाच नावाने नोंद करा. सुनेचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे सांगा. वय नक्की ठाऊक नसेल तर 'अंदाजे' म्हणा. आणि नंबर बदलला असेल, किंवा घरातले कोणी उपचार चालू असताना ऊसतोडीला निघाले असेल, तर कोयता बांधण्यापूर्वी दवाखान्यात जाऊन नवा नंबर आणि जिथे जाणार त्या कारखान्याचे नाव लिहून द्या.